अ‍ॅन आर्बर की ग्रिनेल?

वादापुरतं एक घर आणि दोन माणसं कल्पू. घर पुण्यातलं. घरातल्या मुलीला पदवीच्या शिक्षणासाठी अमेरिकेला जायचं आहे आणि तिच्या हातात दोन प्रवेशपत्रं आहेत. एक मिशिगन विद्यापीठाचं, अ‍ॅन आर्बरहून आलेलं; दुसरं आयोवा राज्यातल्या ग्रिनेल कॉलेजचं. मिशिगन १८१७ सालचं. तिथे पदवीचेच विद्यार्थी तीस हजारांच्या वर आहेत आणि फुटबॉलच्या स्टेडियममध्ये लाखावर माणसं बसतात. ग्रिनेल १८४६ सालचं, विद्यार्थी सतराशेच्या आसपास. ज्या गावात ते आहे त्या गावाची वस्ती दहा हजारांच्या आतबाहेर. मुलीला जीवशास्त्र आवडतं, अर्थशास्त्रही आवडतं, आणि पुढे नेमकं काय करायचं ते ठरलेलं नाही. अमेरिकेत एम.एस. करून आलेला मामा मिशिगनच्या बाजूचा, कॉलेजात शिकवणारी मावशी ग्रिनेलच्या. १ मेपर्यंत कळवायचं आहे. दोघांचंही म्हणणं ऐकून घेण्याजोगं आहे, पण माझ्या मते मावशीचं पारडं जड आहे. ते का, हे मामाला मनसोक्त बोलू दिल्याशिवाय दाखवता येणार नाही.

"मिशिगन म्हटलं की पुण्यातली कुठलीही कंपनी कान टवकारते," मामा म्हणेल. "ग्रिनेल म्हटलं की आधी स्पेलिंग विचारतात. मिशिगनमध्ये शिकवणारे लोक आपापल्या विषयात जगात पहिल्या रांगेतले. लायब्ररी बघ, प्रयोगशाळा बघ. उद्या हिला जीवशास्त्र नको झालं, कॉम्प्युटर हवं झालं, सार्वजनिक आरोग्य हवं झालं, तरी सगळं त्याच आवारात. ग्रिनेलमध्ये एकेका विषयाला शिकवणारे असून असून किती असणार? एवढे पैसे ओतून साता समुद्रापलीकडे जायचं, आणि तिथेही कॉलेजच गाठायचं?"

या शेवटच्या वाक्यामागे आपल्याकडचा दीडशे वर्षांचा अनुभव आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालं, ते मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून. अभ्यासक्रम विद्यापीठानं ठरवायचा, शिकवायचं कॉलेजनं, पेपर पुन्हा विद्यापीठाचा. पुढे १९४९ साली झालेल्या पुणे विद्यापीठानंही तीच संलग्न कॉलेजांची रीत चालवली. त्यामुळे कॉलेज म्हणजे विद्यापीठाची खालची पायरी, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. ग्रिनेल कुणाची पायरी नाही. अभ्यासक्रम त्याचा, परीक्षा त्याची, पदवीही त्याचीच. तिथे भौतिकशास्त्र आणि कॉम्प्युटर सायन्सही शिकवतात. नाही ते एवढंच, की पीएच.डी. देत नाही. आणि सगळा वाद या एका 'नाही'भोवती आहे.

अमेरिकेतलं मोठं विद्यापीठ हे दोन वेगवेगळ्या काळांत बांधलेलं दुमजली घर आहे. खालचा मजला जुना, इंग्लिश वळणाचा : वसतिगृहात राहणारी तरुण मुलं आणि त्यांना चार वर्षं शिकवणारे मास्तर. वरचा मजला जर्मनीकडून आला. १८७६ साली बॉल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झालं ते संशोधन हे मुख्य काम मानून, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ज्यांना परवडलं त्या बहुतेकांनी आपापल्या कॉलेजावर तो मजला चढवला : पीएच.डी., सेमिनार, मोठ्या प्रयोगशाळा. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, स्वार्थमोर, ग्रिनेल यांनी चढवला नाही. मामा ज्या गोष्टींचं कौतुक करतो आहे त्यांतल्या बऱ्याचशा वरच्या मजल्यावरच्या आहेत, आणि तो स्वतः एम.एस.ला गेला तो थेट वरच्या मजल्यावरच. त्यानं पाहिलं ते खरंच पाहिलं, पण त्याची भाची उतरणार आहे खालच्या मजल्यावर.

जागतिक क्रमवाऱ्याही वरचाच मजला मोजतात. २००३ पासून निघणारी शांघायची यादी घ्या. नोबेल आणि फील्ड्स पदकं किती, सर्वाधिक उल्लेख होणारे संशोधक किती, 'नेचर' आणि 'सायन्स'मध्ये निबंध किती, एकूण शोधनिबंध किती, असा तो हिशेब आहे. वर्गात कोण शिकवतं, निबंध कोण तपासतं, याला तिथे शून्य गुण. ज्या कॉलेजात पीएच.डी.चे विद्यार्थीच नाहीत ते अशा यादीत वर येण्याचा प्रश्नच नाही. अमेरिकेतली घरगुती क्रमवारी मात्र विद्यापीठांची यादी वेगळी आणि अशा कॉलेजांची वेगळी छापते. आपल्याकडे पहिली यादी तोंडपाठ असते, दुसरी उघडलेलीही नसते.

मामा एवढ्यानं गप्प बसणार नाही. "बाबासाहेब कोलंबियात शिकले. आयोवातल्या खेड्यात नाही."

"दादा, बाबासाहेब १९१३ साली कोलंबियात गेले ते एम.ए.ला," मावशी म्हणेल. "बी.ए. त्यांचं एल्फिन्स्टन कॉलेजचं, १९१२चं. आधी कॉलेज, मग विद्यापीठ. मी तरी दुसरं काय म्हणतेय?"

"मग कोसंबी? दामोदर कोसंबी हार्वर्डचा पदवीधर, १९२९चा. तिथे नव्हतं का मोठं विद्यापीठ?"

हा मोहरा खरा आहे आणि मावशीनं तो मान्य करायला हवा. कोसंबी पदवीसाठीच हार्वर्डला होते. गणिताबरोबर त्यांनी भाषा आणि इतर विषयांतही मनमुराद संचार केला, आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवता शिकवता इतिहासलेखनाची वाट बदलली. मोठ्या विद्यापीठाच्या विस्ताराचा याहून चांगला उपयोग दाखवणं कठीण. पण दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. वडील धर्मानंद कोसंबी हार्वर्डमध्ये पाली ग्रंथांचं काम करत होते, त्यामुळे मुलाचं शालेय शिक्षणही काही काळ तिथल्याच केंब्रिज गावात झालं होतं. त्या वातावरणात तो नवखा नव्हता. आणि दुसरं, कोसंबी हे असे गृहस्थ होते की कुठेही ठेवले असते तरी हवं ते ओढून घेतलं असतं. अशांसाठी मिशिगन उत्तमच. प्रश्न आहे ज्यांना अठराव्या वर्षी ओढून घेता येत नाही त्यांचा, आणि ते संख्येनं फार जास्त असतात.

इथे जरा जवळून पाहू. मिशिगनमध्ये पहिल्या वर्षाचं अर्थशास्त्र शेकडो विद्यार्थ्यांच्या सभागृहात शिकवलं जातं. बर्कलीत कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या कोर्सला हजारावर नावं असतात. व्याख्यान प्राध्यापकाचं, आणि अनेकदा सुरेखही. पण आठवड्याला जो पंचवीस-तीस जणांचा चर्चेचा तास होतो तो घेणारा स्वतः पीएच.डी.चा विद्यार्थी असतो, आणि गृहपाठ तपासणारा, गुण देणाराही बहुधा तोच. हे काम किती प्रमाणात त्यांच्या खांद्यावर आहे याचा पुरावा मिशिगननंच २०२३ साली दिला. तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थी-शिक्षकांच्या संघटनेनं मार्च महिन्याच्या अखेरीस संप पुकारला आणि सत्र संपताना बऱ्याच कोर्सांचे गुण अडकून पडले. संपाची बाजू बरोबर होती की चूक हा इथला विषय नाही. गुण अडकले, म्हणजे उत्तरपत्रिका कुणाच्या टेबलावर होत्या ते उघड झालं.

ग्रिनेलमध्ये संपावर जायला पीएच.डी.चे विद्यार्थीच नाहीत. तिथे सगळ्यांना सक्तीचा असा कोर्स एकच आहे, पहिल्या सत्रातलं 'ट्युटोरियल'. डझनभर मुलं, एक प्राध्यापक, त्याच्या आवडीचा एखादा विषय, आणि सतत वाचणं, लिहिणं, बोलणं. मुलगी आपला मुख्य विषय जाहीर करेपर्यंत हाच प्राध्यापक तिचा सल्लागारही असतो. म्हणजे कोणते कोर्स घ्यावेत हे विचारायला ती ज्याच्याकडे जाईल त्यानं तिचे चार-पाच निबंध आधीच वाचलेले असतात. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात तर याची पुढची पायरी आहे. दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक आठवड्यातून एकदा तासभर बसतात. एकानं पाच-सात पानांचा निबंध लिहून आणायचा आणि वाचायचा. दुसऱ्यानं तो आधीच मिळवून त्यावर टीका तयार ठेवायची. प्राध्यापकानं बहुतांश वेळ ऐकायचं. पुढच्या आठवड्यात भूमिका बदलायच्या. वाचन न करता त्या खोलीत शिरलेल्या मुलाची अवस्था काय होत असेल याची कल्पना करून पाहावी. शेकडोंच्या सभागृहात मागच्या रांगेत बसून मोबाइल बघता येतो, इथे लपायला जागाच नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. मोठ्या विद्यापीठात प्राध्यापकाचं लक्ष मागितलं तर मिळतं, लहान कॉलेजात ते न मागता मिळतं. दोन्हीकडे मिळू शकतं हे खरं, आणि तरीही न मागणाऱ्याचं काय होतं यावरच निवड ठरायला हवी. कारण आपल्याकडून जाणारी मुलगी बहुधा न मागणारी असते. बारावीपर्यंत तिची ओळख म्हणजे बैठक क्रमांक. उत्तरपत्रिका तपासणारा तिला कधी दिसलेला नाही. शंका विचारायची ती तास संपल्यावर, सरांचा मूड बघून. प्राध्यापक दारावर वेळ लावून बसला आहे, ऑफिस अवर्समध्ये नुसतं "मला हे पटलं नाही" एवढं सांगायला गेलं तरी चालतं, किंबहुना जावं अशी अपेक्षाच आहे, हे तिच्या अंगवळणी पडायला दोन वर्षं जातात. पदवी चारच वर्षांची आहे.

"मग पडू दे की अंगवळणी!" मामा उसळेल. "जगात न मागता कोण काय देतं? मिशिगनमध्ये चार ठेचा खाईल आणि शहाणी होईल. तुझ्या ग्रिनेलमध्ये बोट धरून चालवतील आणि चार वर्षांनी बाहेर पडली की पहिल्याच चौकात बावरेल."

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण त्यात एक शैक्षणिक भूमिका आहे : स्वावलंबन शिकवायचं तर आधार काढून घ्यावा. पण आधार आणि लाड एक नव्हेत. विल्यम्सच्या त्या तासाला लाड म्हणता येणार नाही. दर आठवड्याला आपलं मत कागदावर मांडायचं, समोर बसलेल्या सोबत्याच्या तोंडून त्याच्या चिंध्या होताना ऐकायच्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहून आणायचं, यातून येतं तेही स्वावलंबनच. शिवाय ठेचांचा हिशेब उशिरा होतो. पुढे पीएच.डी.साठी अर्ज करायचा तर साधारण तीन शिफारसपत्रं लागतात आणि ती चौथ्या वर्षाच्या सुरुवातीलाच लागतात. म्हणजे तिसऱ्या वर्षाअखेर तीन प्राध्यापक तिला नावानं, कामानं ओळखणारे हवेत. पहिली दोन वर्षं सभागृहांत गेली तर उरलेल्या एका वर्षात हे तीन गाठायचे. ज्या प्राध्यापकानं तिला फक्त गुणांच्या तक्त्यात पाहिलं तो पत्र लिहील, पण त्यात तक्त्यापलीकडे काही नसेल, आणि निवड समितीला ते पहिल्या परिच्छेदातच कळतं.

आता पुरावा. टॉमस चेक हा ग्रिनेलचा १९७०चा पदवीधर. आरएनए हा रेणू स्वतः एन्झाइमसारखं काम करू शकतो या शोधासाठी त्याला १९८९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यानं १९९९ साली 'डिडॅलस' या नियतकालिकात या कॉलेजांमधल्या विज्ञानशिक्षणावर एक लेख लिहिला. आकडेवारी मांडून त्यानं दाखवलं की पदवीधरांच्या संख्येशी प्रमाण लावलं तर पुढे विज्ञानात पीएच.डी. करणारे या लहान कॉलेजांतून साधारण दुपटीनं निघतात. गंमत अशी, की हे लिहिणारा चेक स्वतः तेव्हा कोलोराडो विद्यापीठात, म्हणजे मोठ्या संशोधन विद्यापीठात प्राध्यापक होता. त्याच्या प्रयोगशाळेत जेनिफर डाउडना पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी आली होती. जनुकं कापण्याच्या क्रिस्पर तंत्रासाठी २०२० साली नोबेल मिळालेली हीच. ती कॅलिफोर्नियातल्या पमोना कॉलेजची १९८५ची पदवीधर, पीएच.डी. हार्वर्डची. १९७५चं वैद्यकातलं नोबेल तिघांत वाटलं गेलं. त्यांतले दोघं, डेव्हिड बाल्टिमोर आणि हॉवर्ड टेमिन, स्वार्थमोर कॉलेजचे पदवीधर होते. आणि हॅरल्ड वार्मस, ज्याला १९८९चं वैद्यकाचं नोबेल विभागून मिळालं, तो अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकला होता. आपल्या मुलीला जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र दोन्ही आवडतात म्हणून जे काळजीत आहेत त्यांनी वार्मसकडे पाहावं.

"नावं निवडून सांगतेस," मामा म्हणेल, आणि त्याला तो हक्क आहे. "मोठ्या विद्यापीठांतून पदवी घेऊन नोबेल मिळवणाऱ्यांची यादी याच्या कितीतरी पट लांब होईल. आणि तो दुपटीचा आकडा? अशा कॉलेजांत मुळात जातातच प्रोफेसरांची पोरं, पुस्तकं वाचणारी, पीएच.डी.चं स्वप्न घेऊन आलेली. कॉलेजनं काय केलं त्यात?"

नोबेलविजेत्यांची यादी हा पुरावा नव्हेच, हे मान्य करून टाकावं. त्यातून एवढंच सिद्ध होतं की लहान कॉलेजातून गेल्यानं संशोधनाची वाट बंद होत नाही. मामाला भीती नेमकी तीच होती, म्हणून ती नावं घ्यावी लागली. निवडीचा मुद्दा अधिक खोल आहे. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवलं होतं की नामांकित संस्थेत प्रवेश मिळूनही दुसरीकडे गेलेल्या मुलांची पुढची कमाई, सरासरीनं, तिथे गेलेल्यांपेक्षा फारशी कमी नसते. म्हणजे ज्याला आपण संस्थेचा गुण म्हणतो त्यातला बराचसा मुलांचाच असतो. हा निष्कर्ष चेकच्या आकड्याला लागू होतो, तसाच मामाच्या 'नावा'लाही लागू होतो. मिशिगनच्या नावाचं जे तेज तो मोजतो आहे त्यातलंही बरंच तिथे जाणाऱ्यांनी सोबत नेलेलं असतं. म्हणून मी आकड्यावर भिस्त ठेवत नाही. माझा युक्तिवाद व्यवस्थेवर उभा आहे : निबंध कोण वाचतं, प्रयोग कोण करतं, सल्ला कोण देतं. हे डोळ्यांनी दिसतं, त्याला सांख्यिकी लागत नाही.

गॅलप आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी २०१४ साली तीस हजारांवर पदवीधरांची पाहणी केली होती. ती मामाच्या हाती पडली तर तो हरखून जाईल. संस्था सरकारी की खाजगी, नामांकित की साधी, याचं पुढच्या आयुष्यात मन लावून काम करण्याशी फारसं नातं दिसलं नाही. पण कशाचं दिसलं तेही तिथेच आहे : माझी काळजी असलेला प्राध्यापक होता, शिकण्याची गोडी लावणारा होता, मार्गदर्शक भेटला. लोकांनी स्वतःच दिलेली उत्तरं असल्यानं ती जरा जपून वापरावीत, कारण समाधानी माणसाला जुने मास्तरही चांगले आठवतात. तरी घटकाभर धरून चालू की खरा फरक पडतो तो अशा भेटीनं. मग उरतो प्रश्न, ती भेट कुठे आपोआप घडते आणि कुठे घडवून आणावी लागते. आपण पुन्हा त्याच जागी आलो.

विद्यापीठांना हे ठाऊक नाही असं नाही. १९९८ साली बॉयर आयोगानं संशोधन विद्यापीठांतल्या पदवी शिक्षणावर जो अहवाल दिला तो त्यांच्याच गोटातला होता आणि बराच कडक होता. ज्या संशोधनाच्या नावावर विद्यापीठं पदवीच्या मुलांना बोलावतात त्या संशोधनाचा त्यांना वाराही लागू देत नाहीत, असा त्याचा रोख होता. एमआयटीनं १९६९ पासूनच पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात घेण्याची योजना चालवली होती. मिशिगनमध्ये तशी योजना खास पहिल्या-दुसऱ्या वर्षासाठी आहे आणि हजारावर मुलं तिचा लाभ घेतात. ही खरीच चांगली गोष्ट. तीस हजारांत हजार, एवढं फक्त लक्षात ठेवायचं, आणि त्यासाठी अर्ज करावा लागतो हेही.

प्रयोगशाळेच्या बाबतीत मात्र मामाचा समज सरसकट बरोबर नाही. मोठ्या विद्यापीठात उपकरणं भारी असतात हे निर्विवाद. पण रांगेत आधी पीएच.डी. झालेले, मग पीएच.डी. करणारे, आणि उरलं तर पदवीचे. ज्या कॉलेजात वरची रांगच नाही तिथे उपकरण साधं असलं तरी हात मुलीचा असतो. ऑरेगनमधल्या रीड कॉलेजात १९६८ पासून एक लहानसा संशोधन-अणुभट्टीचा प्रकल्प आहे आणि तो चालवणारे बहुतेक पदवीचेच विद्यार्थी असतात. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाची परीक्षा देऊन परवाना मिळवलेली वीस-एकवीस वर्षांची मुलं, त्यांत तत्त्वज्ञान-साहित्य शिकणारीही. खुद्द ग्रिनेलची गोष्ट त्याहून जुनी. १९४८ साली बेल प्रयोगशाळेनं ट्रान्झिस्टर जाहीर केला तेव्हा ग्रिनेलचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल यांनी ओळखीच्या बळावर त्याचे नमुने मिळवायची खटपट केली. शोधकर्त्यांपैकी जॉन बार्डीन त्यांच्या परिचयाचे होते, आणि बेल प्रयोगशाळेचे तेव्हाचे प्रमुख ऑलिव्हर बकली ग्रिनेलचेच माजी विद्यार्थी. गेल यांच्या वर्गात तेव्हा रॉबर्ट नॉइस होता. तो पुढे एमआयटीत पीएच.डी. करून आला, इंटिग्रेटेड सर्किटच्या जनकांपैकी एक ठरला आणि १९६८ साली इंटेलचा सहसंस्थापक झाला. ही गोष्ट ग्रिनेलवाले अभिमानानं सांगतात. मला ती दोन्ही बाजूंची वाटते. ट्रान्झिस्टर ग्रिनेलमध्ये जन्मला नाही, जन्मणं शक्यही नव्हतं. पण त्याच्याविषयी विद्यार्थ्याशी तासन् तास बोलायला ज्याला सवड होती असा मास्तर तिथे होता.

पैशांचा मुद्दा आपल्या घरांत सर्वांत आधी निघतो आणि बहुधा उलटा निघतो. सरकारी विद्यापीठ स्वस्त, खाजगी कॉलेज महाग, हे मिशिगनवासीयांसाठी खरं. परदेशी विद्यार्थ्याला परराज्यातल्यांची फी पडते, आणि मग दोन्हीकडचा छापील आकडा राहण्या-जेवणासह वर्षाला सत्तर-ऐंशी हजार डॉलर किंवा त्याच्याही पुढे जातो. फरक सवलतीत आहे. मोठी सरकारी विद्यापीठं परदेशी पदवी विद्यार्थ्याला गरज पाहून मदत सहसा देत नाहीत. श्रीमंत लहान कॉलेजं देतात. ग्रिनेलची ठेव दोन अब्ज डॉलरांच्या वर आहे, तीही सतराशे मुलांमागे. नॉइसच्या ओळखीनं इंटेलमध्ये लवकर घातलेला पैसा आणि विश्वस्त मंडळावर बसलेले वॉरन बफे यांचा त्यात हात आहे. अ‍ॅमहर्स्ट तर परदेशी मुलांनाही आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश देतं. बहुतेक ठिकाणी मात्र मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते, हे अर्ज भरण्याआधी कळलेलं बरं. हातात आलेल्या दोन पत्रांत मदतीचा आकडा वजा करून काय उरतं ते पाहावं, छापील फी नव्हे.

नोकरी आणि व्हिसा याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सध्याच्या नियमांत पदवीनंतर वर्षभर काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी दोन वर्षं मिळतात, आणि हे विषयाच्या सरकारी संकेतांकावर ठरतं, संस्थेच्या आकारावर नाही. पुण्यातल्या कंपनीनं स्पेलिंग विचारलं तर सांगावं.

"आणि कॉलेजच बंद पडलं तर?" मामाचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. व्हरमाँटमधलं ग्रीन माउंटन कॉलेज २०१९ साली बंद झालं. कॅलिफोर्नियातलं जुनं मिल्स कॉलेज २०२२ साली नॉर्थईस्टर्न विद्यापीठात विलीन झालं. अमेरिकेत अठरा वर्षांची मुलं कमी होत चालली आहेत आणि फीवर जगणाऱ्या लहान कॉलेजांना ते सोसत नाही. दोन अब्ज ठेवीच्या ग्रिनेलला ती भीती नाही, पण ठेव नसलेल्या, नाव न ऐकलेल्या कॉलेजची निवड करताना त्याचे ताळेबंद पाहावेत आणि शंका आली तर मिशिगनच घ्यावं. मोठी विद्यापीठं बंद पडत नाहीत. ती विभाग बंद करतात. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठानं २०२३ साली परकीय भाषांचे अभ्यासक्रम आणि गणिताची पीएच.डी. गुंडाळली.

मामा जिथे निखळ बरोबर आहे त्या जागाही आहेत. इंजिनिअरिंगच करायचं ठरलं असेल तर ग्रिनेलचा विचार करण्यात अर्थ नाही. स्वार्थमोर आणि स्मिथसारखे अपवाद सोडले तर ही कॉलेजं ते शिकवत नाहीत, आणि तीन वर्षं इथे, दोन वर्षं तिथे अशी जी जोडयोजना असते ती घेणारे थोडेच. गणितात ज्याची धाव दुसऱ्या वर्षातच पदव्युत्तर कोर्सांपर्यंत पोचणार आहे त्याला लहान कॉलेजात तिसऱ्या वर्षी शिकायला काही उरत नाही. तमिळ, तिबेटी अशा भाषेवर किंवा एखाद्या अगदी अरुंद विषयावर आधीच मन बसलं असेल तर ती ज्या विद्यापीठात शिकवतात तिथेच जायला हवं. आणि मक्याच्या शेतांनी वेढलेल्या गावात चार हिवाळे काढणं ज्याला मानवणार नाही त्यानं ते आधीच ओळखावं. आपली मुलगी यांतल्या कुठल्याच गटात बसत नाही. तिला अजून ठरवायचं आहे, आणि ठरवण्यासाठी तिचं लिहिलेलं वाचणारं कुणीतरी हवं आहे.

"समज, पैशाचा आकडा मिशिगनच्याच बाजूनं निघाला," मामा शेवटी म्हणेल, "तर काय, चार वर्षं सभागृहात?"

तसं नाही. मिशिगननं १९६७ साली आपल्याच आवारात ईस्ट क्वाड या वसतिगृहात 'रेसिडेन्शियल कॉलेज' नावाचं एक लहान कॉलेज काढलं, मोठ्या विद्यापीठात हरवणाऱ्या मुलांसाठीच. छोटे वर्ग, एका छताखाली राहणं-शिकणं, आणि बाकी सगळं मिशिगन दाराशी. ते तिच्या पत्रात नमूद आहे का, नसेल तर अजून मागता येईल का, हे विद्यापीठाला ईमेल करून विचारावं लागेल. तो ईमेल मामानं लिहून देऊ नये. तिनंच लिहावा, आणि १ मेच्या आधी.